सेक्शन एन भरताना

अगं, तुला एमडीएसची, म्हणजे नर्सिंग होममधल्या रहिवाशांच्या असेसमेंटचा फॉर्म भरायची, नोकरी लागली हे ऐकून बरं वाटलं. फ्लोअरवरच्या धावपळीतून सुटलीस. पण खुर्चीत बसून करायचं काम म्हणजे निवांत काम, असं मात्र समजू नकोस. इकडे न्यू जर्सीत आपल्या बऱ्याच पोरी या कामात आहेत आणि त्या सगळ्या जिथे अडखळतात ती जागा एकच, औषधांचा सेक्शन एन. त्यातही मानसिक आजारांची औषधं. तेवढंच सांगते, बाकीचं तू मॅन्युअल वाचून शिकशील.

पहिली गोष्ट, गोळी कोणत्या वर्गातली आहे ते बघायचं. कशासाठी दिली हे या रकान्यात विचारात घ्यायचं नाही. ट्रॅझोडोन झोपेसाठी दिलेलं असलं तरी खूण अँटिडिप्रेसंटपुढेच. क्वेटियापिनची पंचवीस मिलिग्रॅमची इवलीशी गोळी रात्री ‘झोप यावी म्हणून’ देतात, तीही अँटिसायकॉटिकच. आणि मळमळ थांबवायला दिलेलं प्रोक्लोरपेराझिन? तेसुद्धा इथे अँटिसायकॉटिक म्हणूनच नोंदायचं. नव्या मुली हटकून चुकतात ती इथे, कारण पोटाच्या औषधाकडे मनाचं औषध म्हणून बघायचं कुणाला सुचतच नाही. मेलाटोनिन मात्र सोडून दे, अमेरिकेत ते पूरक आहारात मोडतं.

मग दिवस. एआरडीचा, म्हणजे असेसमेंटच्या संदर्भ तारखेचा, दिवस आणि त्याआधीचे सहा. ऑर्डर आहे म्हणून खूण करायची नाही, औषध पोटात किंवा दंडात गेलं असेल तरच करायची. पीआरएन, म्हणजे गरज पडली तरच द्यायच्या, लोराझेपामची ऑर्डर चार्टला असेल, पण त्या सात दिवसांत दिलंच नसेल तर ते नाही धरायचं. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएटचं महिन्याचं इंजेक्शन या सात दिवसांत पडलं नसेल तर तेही नाही, भले त्याचा अंमल अंगात असू दे. उलट, आजी पडल्या, रात्री इमर्जन्सीत नेल्या, तिथे शांत करायला सुई टोचली आणि पहाटे परत आणल्या, तर ती सुई धरायची. ती आपल्या एमएआरवर, म्हणजे औषधं दिल्याच्या तक्त्यावर, दिसणार नाही. इमर्जन्सीतून आलेला कागद स्वतः उघडून वाच.

आता मुख्य मुद्दा. 1 ऑक्टोबर 2023 पर्यंत फॉर्म एवढंच विचारायचा की, सातपैकी किती दिवस औषध दिलं. तेव्हापासून एन 0415 आला आणि दोन रकाने झाले. एकात औषध घेतात का, दुसऱ्यात ते कशासाठी याची नोंद आहे का. हा दुसरा रकाना पोरी डोळे मिटून भरतात. लक्षात ठेव, त्या वर्गातल्या प्रत्येक औषधाचं कारण लिहिलेलं असेल तरच तिथे खूण. सर्ट्रालिनपुढे ‘नैराश्य’ लिहिलंय आणि ट्रॅझोडोनपुढे काहीच नाही, तर अँटिडिप्रेसंटची दुसरी खूण करता येत नाही. आणि कारण तू मनाने जोडायचं नाहीस. ‘अहो, झोपेसाठीच असणार’ हे तुला माहीत असून उपयोग नाही, लिहून देणाऱ्याने ते लिहिलेलं पाहिजे.

कारण म्हणून काय चालतं हेही बघ. ‘अजिटेटेड’ असा एक शब्द चार्टमध्ये पानोपानी सापडतो. त्याने कुणालाच काही कळत नाही. समज, आपल्याकडची एक आजी आहे, स्मृतिभ्रंश झालेली. जन्मभर पहाटे उठून अंघोळ करायची सवय. इथे तिला सकाळी नऊ वाजता अंघोळीला नेतात आणि नेणारा अनोळखी पुरुष. ती पदर घट्ट धरते, ओरडते, हात झटकते. नोंद होते, ‘कॉम्बेटिव्ह विथ केअर’. दोन आठवड्यांनी क्वेटियापिन. हीच नोंद ‘अंघोळीच्या वेळी पुरुष एड असताना हात झटकला, बाई एड आल्यावर शांत’ अशी झाली असती तर डॉक्टरांनी गोळीचा विचारही केला नसता. म्हणून एडशी बोलत जा. काय केलं, केव्हा, समोर कोण होतं, काय केल्यावर थांबलं, एवढं त्यांच्याकडून लिहून घे. गोळी सुरू करण्याआधी आजीला किंवा तिच्या मुलाला विचारलं होतं का, तेही चार्टमध्ये शोध.

एवढा काच कशासाठी, म्हणशील. पूर्वी म्हाताऱ्यांना गोळ्या देऊन खुर्चीत बसवून ठेवत. 1987 च्या कायद्याने त्याला लगाम घातला. 2005 मध्ये एफडीएने नव्या अँटिसायकॉटिक औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला की, स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये यांनी मृत्यूचा धोका वाढतो. 2008 मध्ये जुन्या औषधांवरही तोच आला. मग प्रत्येक नर्सिंग होममध्ये किती जणांना ही औषधं चालू आहेत याचा आकडा जाहीर होऊ लागला. त्या मोजणीतून स्किझोफ्रेनिया, टुरेट आणि हंटिंग्टन हे तीन आजार वगळलेले. झालं! ऐंशी वर्षांच्या, कधी मानसोपचारतज्ज्ञाचं तोंड न पाहिलेल्या माणसांना अचानक स्किझोफ्रेनिया व्हायला लागला. 2023 च्या जानेवारीपासून सीएमएस, म्हणजे मेडिकेअर चालवणारं सरकारी खातं, याच निदानांची तपासणी करतं आणि खोटं सापडलं की त्या नर्सिंग होमच्या गुणांकनातले तारे कापतं. तेव्हा कुणी ‘एवढं निदान टाक ना’ म्हणालं तर ऐकू नकोस. गोड बोलून सांगितलं तरी नाही.

अँटिसायकॉटिकच्या आढाव्याच्या एन 0450 ची गंमत वेगळी. तिथे सात दिवस नाहीत, मागच्या असेसमेंटपासूनचा काळ बघायचा. महिन्यापूर्वी बंद झालेलं अँटिसायकॉटिकही तिथे येतं. शिवाय डोस कमी करून पाहिला का, म्हणजे जीडीआर, आणि कधी, ते विचारतात. पहिल्या वर्षी दोन वेगवेगळ्या तिमाहींत, मध्ये निदान महिन्याचं अंतर ठेवून प्रयत्न व्हायला हवा, पुढे वर्षातून एकदा. एक औषध उतरवून दुसरं अँटिसायकॉटिक चढवलं तर तो जीडीआर नव्हे. डॉक्टरांनी ‘कमी करणं योग्य नाही’ एवढंच लिहिलं असेल तर परत पाठव, का योग्य नाही ते लागतं. मानसिक औषधांच्या पीआरएन ऑर्डरची चौदा दिवसांची मर्यादा तुला ठाऊक आहेच. अँटिसायकॉटिक असेल तर डॉक्टरांनी स्वतः तपासल्याशिवाय नवी ऑर्डर होत नाही.

शेवटी झेड 0400 वर सही तुझी असते, आणि तिथे छापलेलंच आहे की दिलेली माहिती खरी आहे. म्हणून कारण सापडलं नाही तर रकाना रिकामा ठेव, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लाव.