'जिंतूर' लिहिताना आधी ज की आधी वेलांटी? : संगणकावरच्या मराठीची गोष्ट



दिवाळीच्या सुट्टीत कपाट आवरताना एक जुना पेनड्राइव्ह सापडला. माझ्या पहिल्या शाळेतल्या चौथीच्या मुलांनी सांगितलेल्या गोष्टी मी त्यात टाईप करून ठेवल्या होत्या. हौसेनं फाईल उघडली, तर समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी! मुलांचा एक शब्दही वाचता येईना.

असं का झालं?

जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. आपल्याला 'क' दिसायचा, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच. तो फॉन्ट नसला की चित्र गेलं, इंग्रजी उरलं.

यावरचा उपाय मात्र आपल्याच देशात फार आधी शोधला गेला होता. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत व्हीआय, ईमॅक्स असे टेक्स्ट एडिटर तयार झाले, पण ते इंग्रजीसाठी होते. आपल्या जोडाक्षरांचं आणि काना-मात्रांचं काय? १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये यावर काम झालं. त्यात मोहन तांबे हे अभियंता होते. पुढे हे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथल्या या तंत्राचं नाव 'जिस्ट'. संगणकात जिस्टचं एक कार्ड बसवायचं, की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. त्यावर चालणारा एएलपी आणि नंतर विंडोजवरचे लीप ऑफिस, आय-लीप हे मराठी लेखनाचे सुरुवातीचे प्रोग्रॅम.

त्यांची खरी कल्पना आपल्या बाराखडीतली आहे. चित्र साठवायचं नाही, उच्चाराच्या क्रमानं वर्ण साठवायचा. दिसायचं कसं, ते संगणक बघून घेईल.

वर्गात करून बघा

प्रत्येक वर्णाचं आणि चिन्हाचं एक कार्ड करा. एका मुलाच्या हातात एक कार्ड द्या.

• परभणी : प, र, भ, ण, ी – ५ मुलं.
• जिंतूर : ज, ि, ं, त, ू, र – ६ मुलं. वेलांटी दिसते आधी, पण उभी राहते ज च्या मागे.
• पूर्णा : प, ू, र, ्, ण, ा – ६ मुलं. रफार णा च्या डोक्यावर दिसतो, पण र उभा राहतो ण च्या आधी.

माझ्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, म्हणजे जसं बोलतो तसंच!" अगदी बरोबर. रफार चुकवणाऱ्या मुलांना याचा चांगला उपयोग होतो.

पुढे काय झालं?

१९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इनस्क्रिप्ट कीबोर्ड ठरवला. त्यात स्वर-मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क च्याच कळीवर शिफ्ट दाबला की ख, त वर थ. वर्णांना क्रमांक देणारी 'इस्की' ही पद्धत १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. १९९१ च्याच युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीवरून घेतली. विंडोज २००० सोबत मंगल फॉन्ट आला. तो मूळचे कोल्हापूरचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. आज मोबाईलवर आपण मराठी लिहितो, शोधतो, पाठवतो, त्याचा पाया हा आहे.

मग माझ्या फाईलचं?

एका सहकाऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट मिळाला. आधी प्रिंट काढून घेतली. आता रोज रात्री एक गोष्ट युनिकोडमध्ये उतरवतोय. ती मुलं आता कॉलेजात आहेत. लिहून झालेली प्रत्येक गोष्ट ज्याची त्याला पाठवतो.

तुमच्याकडेही जुन्या प्रश्नपत्रिका, हस्तलिखितं, मुलांच्या कविता अशाच अडकल्या असतील. अनेक प्रचलित फॉन्टसाठी युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. फक्त बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार नीट तपासा. आणि हो, जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यातली एक तरी फाईल उघडून बघा.