पावलांचा हिशेब

वाचकहो, आज आपण चालण्याचा धडा वाचणार आहोत. तुम्ही म्हणाल, चालायला काय शिकायचे? वर्षाचे पोर आपले आपण चालू लागते. खरे आहे. पण कचेरीत किंवा कारखान्यात पुष्कळ माणसे मिळून चालण्याची पैज लावतात, ती कशी लावावी हे मात्र शिकावे लागते. आम्ही ते चुका करून शिकलो.

एका नगरपालिकेत आम्ही संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग घेत असू. वर्ग हजेरी शेडमध्ये भरे. वर्गाला सफाईच्या कामावरील बायका येत, दोन शिपाई येत आणि पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारे एक भाऊ येत. एके दिवशी तिथल्या साहेबांनी आम्हाला बोलावले. म्हणाले, "गुरुजी, आमचे कारकून दिवसभर खुर्चीत असतात. कोणाला साखर, कोणाला रक्तदाब. महिनाभर चालण्याची पैज लावू या. रोज दहा हजार पावले. जो जास्त चालेल त्याला बक्षीस. हिशेब तुम्ही ठेवायचा." आम्ही हो म्हटले. हिशेब ठेवणे ही आमची जुनी खोड आहे.

भिंतीवर मोठा कागद लावला. डावीकडे नावे, वर तारखा. ज्यांच्याकडे पावले मोजणारा मोबाइल होता त्यांनी त्यातला आकडा सांगायचा. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना कमरेला अडकवायचे छोटे यंत्र दिले.

चार दिवसांत गंमत सुरू झाली. हिशेबखात्यातल्या एका गृहस्थांची पावले एका दिवसात बावीस हजार भरली. त्या दिवशी त्यांना खुर्चीतून उठताना कोणी पाहिले नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले, फोन हातात धरून नुसता हलवला तरी आकडा वाढतो. फोनला पाय दिसत नाहीत, त्याला नुसती हालचाल कळते. गृहस्थ हसले, आम्हीही हसलो.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. यादीतले पहिले सहा नंबर सफाईच्या बायकांचे आले. सकाळी सहाला हजेरी, मग झाडू घेऊन रस्ते. पैजेसाठी म्हणून त्या एक पाऊलही जास्त चालल्या नव्हत्या. लगेच कुरकुर सुरू झाली. "त्यांचं ते कामच आहे. त्याचा पगार मिळतो. ते कसं धरायचं?" साहेबांनाही ते पटले. कामातली पावले धरायची नाहीत असा नियम निघाला. सहा नावांवर तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली गेली. ती आम्हीच मारली, हे इथे लिहिले पाहिजे.

त्या संध्याकाळी वर्गात आम्ही सर्वांना मनातले एकेक वाक्य लिहायला सांगितले. एका मावशींना चार महिन्यांपूर्वी सही येत नव्हती. त्यांनी पाटीवर लिहिले, "गुरूजी माझि पावल पावल नाहीत का". वेलांटी चुकली होती. आम्ही ती दुरुस्त केली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांकडे गेलो आणि ती पैज बंद करून घेतली. मग ती नव्याने मांडली. कशी, ते सांगतोच. त्याआधी हा दहा हजारांचा आकडा आला कुठून ते पाहू.

तो जपानातून आला. १९६४ साली टोकियो शहरात ऑलिंपिकचे सामने झाले. लोकांना व्यायामाचा उत्साह आला. १९६५ साली तिथल्या एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मॅनपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे यंत्र. आकडा गोल, लक्षात राहणारा. तो जगभर पसरला. म्हणजे पाहा, डॉक्टरांनी तपासण्या करून काढलेला हा आकडा नव्हे. विक्रीसाठी ठेवलेले ते नाव होते.

तपासण्या पुढे झाल्या. २०१९ साली अमेरिकेत सुमारे सतरा हजार वयस्क बायकांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या बायकांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. पावले वाढली तसे ते आणखी कमी झाले, पण ७,५०० च्या आसपास थांबले. त्यापुढे चालून फारसा जास्त फायदा दिसला नाही. ज्याची पावले दिवसाला दोन-अडीच हजार आहेत, त्याने दोन हजार वाढवली तरी पुष्कळ आहे. दहा हजार ऐकून तो घाबरून घरीच बसला, तर त्या आकड्याचा काय उपयोग?

आता बसून काम करणारे आणि चालून काम करणारे यांची एक जुनी गोष्ट ऐका. लंडन शहरात दुमजली बसगाड्या असतात. तेव्हा गाडीवर दोघे असत. चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटे फाडत दिवसभर जिना चढे आणि उतरे. डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी या दोघांची तुलना केली. १९५३ साली त्यांनी ती छापली. वाहकांना हृदयविकार कमी होत होता. मात्र डॉक्टर प्रामाणिक होते. त्यांनी १९५६ साली गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेला जास्त रुंद निघाल्या. नोकरीच्या सुरुवातीपासूनच रुंद! म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. तरी पुढच्या अनेक अभ्यासांनी चालण्याच्या बाजूनेच कौल दिला आहे.

हे वाचून आम्हाला आमची घंटागाडी आठवली. तिचा ड्रायव्हर बसून, आणि मागचा मदतनीस गल्लीभर पायी. लंडनला जायची गरज नाही.

आता नवी पैज. एकमेकांशी स्पर्धा आम्ही काढून टाकली आणि पाच-पाच जणांच्या तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीत कारकून, शिपाई, ड्रायव्हर आणि सफाईचे माणूस, सगळे मिसळून. पाचही जणांची पावले एकत्र करायची आणि भिंतीवरच्या कागदावर आळंदीहून पंढरपूरला जायचे. ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. आम्ही शंभर पावले चालून टेपने अंतर मोजले, ते पासष्ट मीटर भरले. तेव्हा सुमारे दीड हजार पावलांचा एक किलोमीटर धरला. २५० गुणिले १,५०० म्हणजे ३,७५,००० पावले. पाच जण रोज पाच-पाच हजार चालले तर दिवसाला पंचवीस हजार, आणि पंढरपूर पंधराव्या दिवशी. तुम्ही दुसरी वाट घेतलीत तरी चालेल. मात्र ती सर्वांना माहीत असावी.

कामातली पावलेही धरायची, हा पहिला नियम. त्याबरोबर दुसरा नियम असा, की एका माणसाची एका दिवसाची आठ हजारांपुढची पावले धरायची नाहीत. हा नियम फार महत्त्वाचा. तो नसता तर तुकडीतल्या चौघांनी बसून राहून मावशींनाच पळवले असते. शिवाय फोन हलवणाऱ्यांचाही उत्साह आठ हजारांवर संपतो.

पहिला आठवडा कोणी काही बदलायचे नाही. नेहमीसारखे वागायचे आणि आकडा लिहायचा. ती आपली सुरुवात. पुढच्या प्रत्येक आठवड्यात बसून काम करणाऱ्याने आपल्याच आकड्यात रोजची पाचशे किंवा हजार पावले वाढवायची. आठवड्याच्या शेवटी सर्वांसमोर नाव वाचायचे ते जास्त चालणाऱ्याचे नव्हे, स्वतःच्या मागच्या आकड्याहून जास्त वाढवणाऱ्याचे. ज्यांना चालता येत नाही त्यांची मिनिटे मोजायची. जरा झपझप चालले की मिनिटाला शंभर पावले होतात. म्हणून दहा मिनिटे हातांचा व्यायाम केला तर हजार पावले लिहायची. आमच्याकडे कुबड्या घेऊन येणारे एक कारकून होते. त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

मोठी अडचण वेळेची आली. एक कारकून बाई म्हणाल्या, "सहाची एसटी पकडायची, घरी जाऊन स्वयंपाक करायचा. मी चालू कधी?" त्यांचे खरे होते. पैज कचेरीची, तर वेळही कचेरीने द्यावा. साहेबांनी सकाळी दहा आणि दुपारी दहा मिनिटे दिली. एवढी थोडी मिनिटे वाया जातील असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम सांगते. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटे तरी चालावे अशी अट होती, ती २०२० साली काढून टाकली. थोडे थोडे चाललेले सगळे जमेस धरतात. उन्हाळ्यात दुपारी बाहेर न जाता व्हरांड्यात आणि जिन्यावर चालावे.

आणि सफाईच्या बायकांना काय द्यायचे? त्यांना चालणे पुरेसे होते. त्यांना बसायला जागा हवी होती. बक्षिसाच्या पैशातून शेडमध्ये दोन बाक आणि पाण्याचा माठ आला. पायांसाठी बंद बूट मागितले. त्याचा कागद चार महिने टेबलावरून टेबलावर फिरला. पैजेत सर्वांत जास्त तोच चालला असावा. बूट आले ते एक नंबर मोठे.

एक चूक मात्र आमच्या हातून दुसऱ्या वेळीही झाली. घंटागाडीच्या ड्रायव्हरला बरीच वर्षे साखर होती. त्याने उत्साहाने नवे बूट घेतले आणि पहिल्याच दिवशी दोन तास चालला. टाचेला फोड आला. साखरेच्या जुन्या दुखण्यात पायाची जाणीव कमी होते, त्यामुळे त्याला तो कळलाच नाही. कळला तेव्हा जखम झाली होती. दीड महिना मलमपट्टी चालली. पाय वाचला. म्हणून साखर असणाऱ्याने अनवाणी चालू नये. बूट थोडे थोडे घालून सवय करावी. रोज रात्री तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना पाहायला सांगावे. हृदयविकार असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. चालताना छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे, हाक मारावी आणि डॉक्टरांकडे जावे. आणि कोणालाही सक्तीने पैजेत घेऊ नये. हे सगळे आम्ही पहिल्या दिवशी वाचून दाखवायला हवे होते.

भिंतीवरचा कागद लिहिण्याचे काम आम्ही पाटीवरच्या त्या मावशींना दिले. रोज संध्याकाळी त्या सर्वांचे आकडे विचारत, बेरीज करत आणि पालखीच्या मुक्कामांवर टिकल्या चिकटवत. मुक्कामांची नावेही त्यांनीच लिहिली. सासवड, जेजुरी सोपी गेली. वाल्ह्यापाशी अडल्या. 'ल' ला 'ह' जोडायला दोन दिवस लागले. लोणंद, फलटण, नातेपुते, वेळापूर, वाखरी. हिशेबखात्यातले ते गृहस्थ त्यांच्याच तुकडीत होते. एकदा त्यांनी नऊ हजार सांगितले. मावशींनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, आठच धरते हां. नियम आहे." आणि आठ लिहिले.

पहिली तुकडी तेराव्या दिवशी पंढरपूरला पोचली, शेवटची बाविसाव्या. कागद अजून शेडमध्ये आहे. एका कोपऱ्याला पावसाचे पाणी लागले आहे.

आता वही घ्या. शंभर पावले चाला, अंतर मोजा आणि लिहा. मग हा हिशेब करा: एका तुकडीत पाच जण आहेत. तिघांची रोजची पावले चार-चार हजार, एकाची सहा हजार आणि एका मावशींची चौदा हजार. नियमाप्रमाणे तुकडीच्या नावावर रोज किती पावले लिहायची?