तारेची भाषा

यंत्राला आराखडा सांगायचा कसा, हा प्रश्न मला तरी भाषेचाच वाटतो. २००६ साली अवकाशात गेलेल्या ‘एसटी ५’ उपग्रहांची एक अँटेना नासाच्या एम्स केंद्राने संगणकाकडून घडवून घेतली. त्याला चित्र दिले नव्हते. दिल्या त्या मोजक्या आज्ञा: ‘इतकी तार पुढे ने’, ‘इतकी वळव’. आज्ञांची एक माळ म्हणजे एक अँटेना. माळा बदलत, पारखत यंत्राने अखेर जे निवडले, ते वाकवलेल्या टाचणीसारखे ओबडधोबड! पण पत्र्याची तबकडी त्याला सुचणे शक्यच नव्हते. ‘पत्रा’ हा शब्दच त्याच्या कोशात नव्हता. कोश माणसांचा, गुण देण्याची कसोटीही माणसांचीच. उड्डाणापूर्वी नियोजित कक्षा बदलली, तेव्हा त्यांनी ती कसोटी बदलली आणि शोध पुन्हा सुरू केला.