राखण कोणाची, कोणापासून?



पुणे-सातारा महामार्गालगत शिवरे परिसरातील एका नव्या सोसायटीत आम्ही घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. फाटकावर वॉचमनने आमचे नाव, गाडीचा क्रमांक, कोणाकडे जायचे ते सारे वहीत लिहून घेतले आणि इंटरकॉमवर विचारूनच आत सोडले. आम्हांला राग आला नाही. तो आपले काम करीत होता. वर गेल्यावर मात्र चुकून शेजारच्या दाराची बेल वाजवली गेली. दार उघडणाऱ्या गृहस्थांना पलीकडे कोण राहते हे सांगता येईना. मधे आठ फुटांचे अंतर, आणि शेजाराला दोन वर्षे झालेली! फाटकावरच्या वहीत आमची नोंद झाली होती, पण या दोन घरांची एकमेकांकडे काहीच नोंद नव्हती.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव काईनाला त्याच्या भावाविषयी विचारतो. काईन खरे उत्तर देत नाही, उलट प्रश्न करतो. भावाची राखण हे आपले काम नव्हेच, असा त्याचा आव असतो. आज आपण हेच जरा सभ्य भाषेत म्हणतो, "मेंटेनन्स भरतो ना? मग वॉचमन आहे, कॅमेरे आहेत, कमिटी आहे." पैसे देऊन फाटक राखता येते. पण तिसऱ्या मजल्यावरील एकट्या आजींचे दार सकाळपासून उघडलेले नाही, हे कॅमेऱ्याला कळत नाही. दुधाची पिशवी दारातच पडलेली पाहून थबकणारा माणूसच ते ओळखतो.

आपल्या मुलखात राखणीची जुनी परंपरा आहे. गावगाड्यात जागल्या रात्री गस्त घालीत असे. भोर-पुरंदरच्या डोंगरी भागात गावाची आणि किल्ल्यांची राखण रामोशी समाजाकडे असे. पुढे इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याची व्याप्ती वाढत गेली आणि माणसाच्या कृत्यावरून नव्हे तर जन्मावरून त्याच्यावर संशय घेणे सरकारमान्य झाले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. ज्या समाजांवर तो शिक्का बसला होता त्यांना आपण आज विमुक्त म्हणतो, आणि त्या यादीत रामोशीही आहेत. गावाने ज्यांच्या भरवशावर झोपावे, त्यांच्याकडेच चोर म्हणून पाहावे! कागदावरचा कायदा गेला. मनातला गेला का, हे ज्याने त्याने तपासावे.

कारण धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आपल्याला विसरता येत नाही. 1 जुलै 2018 रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश तेव्हा मोबाइलवर फिरत होते. त्यानंतर 16 एप्रिल 2020 च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा असाच बळी गेला. तिथेही चोर आल्याच्या अफवांमुळे गावकरी रात्री पहारा देत होते. बंधुभगिनींनो, हे लोक बेफिकीर नव्हते, जागेच होते. त्यांना आपल्या मुलांची काळजी होती. म्हणूनच हा प्रसंग आम्हांला अधिक भयंकर वाटतो.

मग सावध राहायचेच नाही का? सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा'मधील संशयावरचा भाग आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. तो खरा कळला तो अशा बातम्या वाचल्यावर. संशय तीन वाटांनी येतो, असे ते सांगतात. स्वतःच्या मनातील खोटेपणामुळे, समोरच्याविषयी आधीच असलेल्या आकसामुळे, किंवा दीर्घ अनुभवामुळे. (म्हातारी माणसे संशयी असतात, हे ॲरिस्टॉटलचे मतही ते नोंदवतात. आमच्या ज्येष्ठांनी रागावू नये.) दुष्टाविषयी चांगले मत धरून अनेकदा फसणे परवडले, पण सज्जनाविषयी एकदाही वाईट मत धरू नये, कारण त्यात त्या माणसावर अन्याय होतो, असे त्यांचे म्हणणे. मात्र लगेच ते एक व्यवहारी भेदही करतात. अपाय टाळण्यासाठी उपाय योजायचा असेल, तर वाईटात वाईट घडेल असे गृहीत धरून योजावा. म्हणजे कुलूप मजबूत लावावे, जिन्यात दिवा असावा, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी. परंतु कुलूप लावणे वेगळे आणि रस्त्याने जाणाऱ्याला चोर ठरवणे वेगळे.

हा भेद सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांत आधी पुसला जातो. 'गेटजवळ संशयित व्यक्ती' म्हणून फोटो येतो. तो कुणाचा असतो? बहुधा भंगार गोळा करणाऱ्याचा, बांधकामावरील मजुराचा, पार्सल घेऊन पत्ता शोधणाऱ्या पोराचा. सूट घालून आलेल्याचा फोटो अजून आमच्या पाहण्यात नाही. शंका आल्यास 112 वर फोन करावा, आणि त्याआधी जमल्यास, "दादा, कोणाकडे जायचंय?" एवढे विचारावे. पुष्कळदा तिथेच उलगडा होतो.

येत्या आठवड्यात आपल्या लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत हाच विषय घ्यावा. प्रत्येक कुटुंबाने आपल्या मजल्यावरील किंवा गल्लीतील घरांची नावे लिहून आणावीत, ख्रिस्ती असोत वा नसोत. एकटे राहणारे ज्येष्ठ, आजारी माणसे आणि दिवसभर घरी एकटी असणारी मुले यांच्या नावांपुढे खूण करावी. ज्येष्ठांना मदतीसाठी 14567 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूस लावून द्यावेत. वॉचमनदादांचे नावही त्या यादीत असावे, आणि रात्रपाळीत ते जेवतात कुठे, हेही विचारून यावे.