माशाच्या पोटातले पहारेकरी



नववीच्या विज्ञानात 'उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव' हा पाठ आहे. उपयुक्त जीवाणू कोणते, असं विचारलं की मुलं दही, इडली, ताक अशी यादी धडाधड सांगतात. पण जीवाणू प्रतिजैविक पदार्थ तयार का करतात, हे विचारा. वर्ग गप्प होतो. हा प्रश्न समजावायला मासा फार उपयोगी पडतो.

बारामती-इंदापूरच्या मुलांना मासा नवा नाही. उजनीच्या फुगवट्यातली कटला, रोहू, चिलापी भिगवणच्या बाजारात रोज येते. बांगडा, सुरमई, पापलेट मात्र कोकणातून बर्फात येतात. गोड्या पाण्यातला आणि समुद्रातला मासा यांच्यात एक मोठा फरक आहे, तो मुलांना आधी सांगा. समुद्राचं पाणी माशाच्या रक्तापेक्षा खारट असतं, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जात राहतं. ते भरून काढायला हा मासा समुद्राचं पाणी पितो. उजनीतल्या माशाला तशी गरजच पडत नाही.

आता पाणी प्यायलं म्हणजे पाण्यातले जीवाणूही पोटात गेले. समुद्राच्या एका थेंबात ते हजारोंच्या संख्येनं असतात. माशाच्या आतड्यात ऊब नसली तरी अन्न भरपूर, म्हणून सगळ्यांनाच तिथं राहायचं असतं. सुट्टीच्या दिवशी बारामती स्टँडवर एसटी लागली की जागेसाठी जी झुंबड उडते, तीच इथं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना? जीवाणू रुमालाऐवजी रसायन टाकतात. काही जीवाणू आम्ल सोडून शेजाऱ्याला नकोसं करतात. काही लोह आधीच पकडून ठेवतात, म्हणजे दुसऱ्याची उपासमार. आणि काही छोटी प्रथिनं सोडतात, ती दुसऱ्या जीवाणूच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात. या प्रथिनांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. यात माशाचाही फायदा होतो, कारण रोग आणणाऱ्या जीवाणूंना आतड्यात जागा मिळत नाही.

शास्त्रज्ञ हे पदार्थ कसे शोधतात? आतड्यातले जीवाणू वेगवेगळे करून वाढवतात. रोगजंतू पसरलेल्या काचेच्या बशीत त्यांचा अर्क ठेवतात. दुसऱ्या दिवशी अर्काभोवती स्वच्छ गोल दिसला, तर तिथं रोगजंतू वाढले नाहीत असं समजायचं. पण गोल दिसला म्हणजे औषध सापडलं, असं नाही. तो पदार्थ माणसाच्या पेशींना अपाय करत नाही ना, पोटात पचून वाया जात नाही ना, पुरेशा प्रमाणात तयार करता येतो का, हे सगळं तपासण्यात वर्षं जातात.

ही वाट नवी नाही. १९४५ साली इटलीच्या सार्डिनिया बेटावर ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना, जिथं शहराचं सांडपाणी समुद्रात जातं त्या पाण्यात एक बुरशी सापडली. तिच्यापासून पुढं सेफॅलोस्पोरिन औषधांचं मोठं कुटुंब तयार झालं. मुलांना दिली जाणारी सेफिक्झिम त्याच कुटुंबातली. आणि आपल्या पुणे जिल्ह्याचं काय? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथल्या एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्या मातीतल्या जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. त्या जीवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना! हे सांगितलं की मुलं हमखास मान वर करून बघतात.

मग नवी औषधं इतक्या लांब, माशाच्या पोटात का शोधायची? कारण जुनी बोथट होत चाललीत. औषधानं कमजोर जीवाणू मरतात, तगलेले वाढतात. पेनिसिलिनचे शोधकर्ते फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता. २०१९ मध्ये औषधाला दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे.

पालकहो, इथं आपला संबंध येतो. सर्दी-पडसं विषाणूमुळे होतं, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. मागच्या वेळची उरलेली गोळी पोराला देऊ नका. औषधाच्या पट्टीवर लाल उभी रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. गाईला दगडी झाली आणि इंजेक्शन दिलं, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही.

वर्गात करून बघा: उकळून कोमट केलेलं दूध दोन वाट्यांत घ्या. एकीत विरजण घाला, दुसरी तशीच झाकून ठेवा. दोन दिवसांनी रंग-वास बघा, चव मात्र घेऊ नका. दही कमी का बिघडलं, ते मुलांना सांगू द्या. माशाच्या आतड्यातले जीवाणू शाळेत वाढवायचा प्रयोग मात्र करू नका, त्यात रोगजंतूही असू शकतात.

विचारायचे प्रश्न:
१. समुद्रातला मासा पाणी का पितो?
२. स्वच्छ गोल दिसला तरी लगेच औषध का होत नाही?
३. आपल्या घरात लाल रेघेची कोणती औषधं उरली आहेत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी घरी आई-वडिलांसोबत बसून शोधावं.