‘सगळ्यात चालते भाऊ’

दुकानदाराचं ते वाक्य अजून माझ्या कानात घुमतंय. हेडसेटमधून घुमलं असतं तर निदान पैसे वसूल झाले असते. ‘सगळ्यात चालते भाऊ, डोळे मिटून घेऊन जा.’ मी डोळे मिटले, सात हजार सहाशे मोजले आणि नागपूरहून गोंदियाची गाडी पकडली.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ही हकीकत ऐकून जो तो मलाच शहाणपण शिकवतो. पुण्याचा आतेभाऊ म्हणाला, ‘दादा, आधी नेटवर बघायचं ना!’ अरे, बघितलं होतं. तीन व्हिडिओ बघितले होते आणि तिन्हींत व्हिडिओवाला पोरगा ‘मल्टिप्लॅटफॉर्म’ म्हणत होता. शिवाय दुकानात मी एकदा नाही, दोनदा विचारलं होतं. एक्सबॉक्सवर चालतो का? पीसीवर चालतो का? दोन्हींना ‘हो’ मिळालं. आणि खरी मेख अशी की ते ‘हो’ खोटंही नव्हतं.

आमचं फुलचूर म्हणजे गोंदियाला लागूनच, पण पाहून, हातात घेऊन हेडसेट विकत घ्यायचा तर मला नागपूरच सुचलं. राइस मिलच्या हिशेबाचं काम संपवून घरी यायला रात्रीचे आठ. जेवणं उरकली, आई झोपली, की दहाच्या पुढे एक तास माझा. मी इकडे, आतेभाऊ तिकडे पुण्यात, दोघांकडे एक्सबॉक्स हा गेमचा कन्सोल. या वयात हे काय, हा प्रश्न बायकोने विचारून झालेला आहे, तुम्ही नका विचारू. जुना वायरवाला हेडसेट होता, तेराशेचा. त्याची वायर पिनेजवळ तुटली आणि माझ्या डोक्यात वायरलेसचं खूळ शिरलं. दिवसा तोच पीसीवर मिलच्या मीटिंगला वापरीन, हा हिशेबही होता. हिशेबाचा माणूस ना मी!

पहिल्या रात्री डबा उघडला. हेडसेट देखणा, पेनड्राइव्हएवढा डोंगल. आधी पीसीला लावला. खोटं कशाला बोलू, आवाज झकास. मग डोंगल एक्सबॉक्सच्या पुढच्या पोर्टात घातला. दिवा लुकलुकला आणि लुकलुकतच राहिला. मागच्या पोर्टात घातला. बंद करून चालू केला. अपडेट आहे का पाहिलं. मग वाटलं, ब्लूटूथ तर आहे, त्यावर जोडू. सेटिंग्ज उलट्यापालट्या केल्या, तर ब्लूटूथ नावाचा पर्यायच नाही. आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. स्वस्तातल्या मोबाइललाही ब्लूटूथ असतं आणि या पेटीला नाही? आतेभाऊ फोनवर ‘हॅलो, हॅलो’ करतोय, बाजूला कूलर घरघरतोय, आणि मी टीव्हीमागे टॉर्च धरून वाकलेलो. बायको पाणी प्यायला उठली, माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता गेली. ते न बोलणं जास्त लागलं.

रात्री दीडला डबा पुन्हा हातात घेतला. समोर मोठ्या अक्षरांत ‘वायरलेस’. खाली चार चिन्हं ओळीने: पीएस (प्लेस्टेशन), पीसी, स्विच, एक्सबॉक्स. एक्सबॉक्सच्या चिन्हावर कोपऱ्यात एक चांदणी. एवढीशी, मुंगीच्या डोळ्याएवढी. डबा फिरवत फिरवत तिचा माग काढला. तळाशी, बारकोडच्या शेजारी, राखाडी कागदावर राखाडी अक्षरांत लिहिलेलं: एक्सबॉक्ससाठी ३.५ मिमी वायरने.

मी तो डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो. वायर तुटली म्हणून वायरलेस आणायला गेलो होतो आणि सात हजार सहाशेला दुसरी वायर घेऊन आलो होतो. डब्यात ती वायर होती, छान गुंडाळी करून ठेवलेली. कंट्रोलरला लावली तर लगेच आवाज आला. म्हणजे ‘चालतो’! दुकानदार खरं बोलला होता. मी ‘चालतो का’ विचारलं होतं, ‘कसा चालतो’ विचारलं नव्हतं.

यामागचं कारण नंतर कळलं. एक्सबॉक्सची बिनतारी बोली त्याची स्वतःची आहे आणि तो परवाना असलेलीच उपकरणं ओळखतो. बाकीच्यांचा डोंगल त्याच्या दृष्टीने नुसता प्लास्टिकचा तुकडा. ब्लूटूथ हेडफोन तो घेत नाहीच. पीएस ५ सुद्धा ब्लूटूथ हेडफोन घेत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. पण त्याला साधा यूएसबी डोंगल चालतो. त्यामुळे पीएसवाल्याचा डोंगल पीसीला बहुधा जमतो, एक्सबॉक्सला जमत नाही. उलट, एक्सबॉक्ससाठी परवाना घेतलेले काही हेडसेट पीएसवरही चालतात. स्टीलसिरीजच्या आर्क्टिस ७ च्या जोडीत ७पी एक्सबॉक्सवर वायरलेस चालत नव्हता, ७एक्स दोन्हीकडे चालायचा. नावात एका अक्षराचा फरक. लग्नपत्रिकेत एवढी चूक झाली तर लोक वर्षभर बोलतात, इथे कोणी हू की चू करत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला. पोराने उचलला. ‘कंट्रोलर अपडेट करा जी.’ केला. ‘मग केबल लावा, चालते ना?’ चालते. ‘मग झालं ना भाऊ!’ फोन बंद. रविवारी पुन्हा गाडीत बसलो. गोंदिया ते नागपूर सुमारे १३० किलोमीटर, जाऊन येऊन दिवस गेला. मालक गल्ल्यावरच होते. मी बोलत होतो तेव्हा ते मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होते, मधूनच माझ्याकडे बघून मान हलवत होते, आणि मला वाटलं माझंच ऐकताहेत. फोन ठेवून त्यांनी डबा हातात घेतला, तळाची ओळ नखाने दाखवली. ‘लिहिलंय ना इथे.’ एवढी बारीक ओळ त्यांना क्षणात सापडली. मला रात्री दीडला सापडली होती. म्हणजे ती कुठे असते हे त्यांना पाठ होतं. मला राग आला तो या गोष्टीचा. पैशाचा नाही. (पैशाचाही आला.)

मग म्हणाले, उघडलेला माल परत होत नाही, वीस टक्के कापून दुसरं काही घ्या. दुसरं काही म्हणजे रंगीबेरंगी दिव्यांचा कीबोर्ड. मी म्हणालो, मला दिवाळीची माळ नको. रागाच्या भरात हेडसेट उचलून निघालो. बायकोच्या मते तिथेच चुकलो.

आता बिलाचं. पक्कं बिल मागितलं असतं तर जीएसटी धरून जास्त पडणार होते, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर घेतला. वर ‘एस्टिमेट’, खाली आकडा, बस. तुम्ही म्हणाल, हिशेबाचा माणूस असून? हो, असून. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला तर पलीकडच्या मुलीने पहिला प्रश्न बिलाचाच विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलावर मुदत दिली नसेल तर ३० दिवस धरतात. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. पण माझा माल सदोष कुठे होता? तो तर ‘चालत’ होता. दोष होता तो तोंडी बोलण्यात, आणि तोंडाचं बिल फाडता येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: बिल पक्कं घ्या, आणि त्यावर दुकानदाराच्या हाताने एक ओळ लिहून घ्या, ‘अमुक कन्सोलवर वायरलेस, माइकसह चालेल.’ लिहायला तयार झाला तर माल बरोबर. आढेवेढे घेतले तर उत्तर मिळालं. तो लिहीत नसेल तर व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवून लेखी उत्तर घ्या. असं लेखी असलं की पुढचा रस्ता तितका अवघड नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे फुलचूरच्या माणसाने नागपूरच्या दुकानाविरुद्ध गोंदियात अर्ज करावा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ऑनलाइन घेतलात तर वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यास विक्रेत्याला ती परत घ्यावीच लागते, २०२० चे ई-कॉमर्स नियम तसं सांगतात. मात्र डबा उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा.

‘चालतो’ या शब्दाचे तीन तुकडे पाडून विचारा: डोंगलवर की तारेवर, आवाज येतो की माइकही चालतो, आणि चार्जिंगला लावून खेळता येतं का. काही हेडसेट तार लावली की आपला माइक बंद करतात, तेव्हा हेही विचारा. स्विचवाल्यांनी तर जास्तच जपावं. २०२१ च्या अपडेटपासून स्विचला ब्लूटूथ हेडफोन जोडता येतात, पण त्यावर माइक चालत नाही.

पीसीवर ब्लूटूथने खेळू नका. नुसती गाणी ऐकताना उत्तम वाटतं. माइक सुरू केला की त्याच हेडसेटचा आवाज जुन्या लँडलाइनसारखा बोदा होतो. साध्या ब्लूटूथला चांगला आवाज आणि माइक एकाच वेळी झेपत नाही, म्हणून विंडोज १० पर्यंत एकच हेडसेट ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशा दोन नावांनी दिसायचा. आवाज उशिरा पोचतो तो वेगळाच. शत्रूच्या पावलांचा आवाज येईपर्यंत आपण मेलेलो असतो. टीव्हीच्या ब्लूटूथचा जुगाडही मी करून पाहिला. गोष्टीच्या गेमला ठीक, बाकी वेळ वाया.

डोंगल टीव्हीमागे खुपसू नका. हेडसेट, वायफाय, ब्लूटूथ, बरेचदा सगळेच २.४ गिगाहर्ट्झच्या एका गल्लीत दाटीवाटीने राहतात, आणि यूएसबी ३ चं पोर्ट स्वतःच त्या गल्लीत खरखर सोडतं. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. हातभर एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल समोर मोकळा ठेवा. माझी पीसीवरची तुटतुट ऐंशी रुपयांच्या केबलने गेली. सात हजार सहाशेच्या डब्यात ती द्यायला काय झालं होतं कोण जाणे.

आपल्याकडचा उन्हाळा हेडसेट बनवणाऱ्यांच्या गावीही नसतो. रेक्झिनच्या गाद्या मे महिन्यात कानाला चिकटतात, घाम मुरतो आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. कापडी गादी घ्या, आणि बदलून मिळते का ते विचारा. माइक कूलरसमोर तपासा. दुकानाच्या एसीत सगळेच माइक गोड बोलतात. माझा माइक आतेभावाला माझ्यापेक्षा कूलरच जास्त ऐकवत होता. आपलाच आवाज आपल्याला थोडा ऐकू येण्याची सोय, साइडटोन म्हणतात, ती असलेली बरी. नाहीतर कान बंद असल्याने माणूस ओरडून बोलतो. मी रात्री अकराला ‘मागून आला, मार त्याला!’ असं ओरडलो आणि आई काठी घेऊन बाहेर आली होती.

सात पॉइंट एक सराउंड, पन्नास मिमीचे ड्रायव्हर, या आकड्यांवर फार जाऊ नका. दोनच कान आहेत. डोक्यावर अर्धा तास ठेवून पाहा, म्हणतात सगळे. दुकानदार पाच मिनिटं ठेवू देतो.

आणि कंट्रोलरला हेडफोनचं भोक असेल तर आधी स्वतःला विचारा, वायरलेस कशाला? वायर कंट्रोलरपर्यंतच जाते, टीव्हीपर्यंत नाही. हे मला आधीपासून ठाऊक होतं. चौदाशेचा नवा वायरवाला घेतला, तोच सध्या चालू आहे.

तो वायरलेस शेवटी आमगावच्या एका पोराला विकला. त्याच्याकडे पीएस ५ आहे, त्याला तो सर्वार्थाने चालतो. साडेचार हजार ठरले होते. मी डबा उलटा करून तळाची ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावली आणि चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं, ‘एक्सबॉक्सवर वायरलेस चालत नाही.’ पोराने चिठ्ठी दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, म्हणजे यात खोट आहे तर!’ आणि पाचशे कमी केले.