परदेशातील चौदा एप्रिल : तारीख पाळावी की रविवार?



आपल्या वस्तीत चौदा एप्रिल साजरा करायला आपल्याला वेगळे काही ठरवावे लागत नाही. सकाळी विहारात वंदना होते, घराघरांवर निळे झेंडे असतात, संध्याकाळी मिरवणूक निघते आणि सरकारी सुट्टी असल्याने रजेचा अर्जही करावा लागत नाही. परंतु पोटासाठी सातासमुद्रापार गेलेल्या आपल्या माणसाला तोच दिवस कसा काढावा लागतो, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. प्रस्तुत लेखात तो करण्याचा प्रयत्न आहे.

खरे तर हा प्रश्न समजण्यासाठी घुग्घुसच्या बाहेर जायची गरज नाही. कोळसा खाणी आणि सिमेंट कारखाना यांमुळे आपल्या गावात तेलुगू आणि हिंदी बोलणारी कितीतरी कुटुंबे येऊन राहिली. दसऱ्याआधी तेलुगू भगिनी फुलांची बतुकम्मा रचतात. दिवाळीनंतर उत्तरेकडील कुटुंबे छठसाठी नदीची वाट धरतात. मी बँकेत काउंटरवर बसतो. त्या दिवसांत गावाकडे पैसे पाठविणाऱ्यांची रांग वाढते, आणि ज्याला रजा मिळालेली नसते तो चेहऱ्यावरूनच ओळखू येतो.

माझा भाचा आय.टी.आय. करून फिटर म्हणून संयुक्त अरब अमिरातीत गेला. पहिल्याच वर्षी त्याने फोनवर सांगितले, "मामा, जयभीम. इथं आमची जयंती शुक्रवारी आहे." मला राग आला. बाबासाहेबांचा जन्मदिवस तुमच्या सोयीने सरकतो काय, असे मी बोलून गेलो. नंतर कळले, की तेव्हा तेथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची होती (२०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली). सार्वजनिक कार्यक्रमाला तेथे परवानगी लागते, म्हणून आठ-दहा मुले एका खोलीत जमत. लोखंडी पलंग भिंतीला सरकवायचे, मोबाइलमधील फोटो टेबलावर उभा करायचा, त्रिशरण-पंचशील घ्यायचे आणि खीर करायची, एवढीच जयंती. मेणबत्तीसुद्धा नाही, कारण खोलीत आग चालत नाही.

इंग्लंड-अमेरिकेतील परिस्थिती वेगळी आहे. तेथे कुटुंबे आहेत, संस्था आहेत, हॉल भाड्याने घेता येतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन या भागांत ही चळवळ प्रामुख्याने पंजाबी भाषक आंबेडकरी मंडळींनी रुजविली, हे आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. जयभीम म्हणणाऱ्याची मातृभाषा मराठीच असते, असे आपण उगाच धरून चालतो. तेथेही कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारी होतो. शिवाय एप्रिलच्या मध्यावर सिंहली नववर्ष आणि थाई लोकांचे सोंगक्रान असते. त्यामुळे त्यांच्या विहारात तेव्हा त्यांचीच गर्दी असते.

तारीख मोठ्या ठिकाणीही सरकते. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात १२५ वी जयंती साजरी झाली ती १३ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे एक दिवस आधी. याउलट वॉशिंग्टनजवळ मेरीलँड राज्यात शिल्पकार राम सुतार यांनी घडविलेल्या १९ फुटी पुतळ्याचे अनावरण १४ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. त्या दिवशी शनिवार होता, म्हणून तारीख आणि सुट्टी दोन्ही साधल्या.

आता आपल्याकडे पाहा. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली तो १४ ऑक्टोबर, अशोक विजयादशमी आणि वार रविवार. पुढे तिथी आणि तारीख यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नागपूरचा मुख्य सोहळा विजयादशमीला होतो. २०२३ मध्ये तो २४ ऑक्टोबरला आला. आपल्या चंद्रपूरला मात्र बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा दिली, म्हणून आपण १५ आणि १६ ऑक्टोबर ही तारीखच पाळतो. नागपूर तिथी पाळते, चंद्रपूर तारीख पाळते, आणि दोन्ही ठिकाणी लोटणारी माणसे तीच असतात. बुद्ध पौर्णिमेचेही तसेच. २०२४ मध्ये ती भारतात २३ मे रोजी होती, मलेशिया व थायलंडमध्ये २२ मे रोजी. हे सर्व कळल्यावर भाच्यावर रागावण्याचा मला काय अधिकार होता?

तरीही माझे एक म्हणणे आहे, आणि ते मी त्याला सांगितले. जाहीर कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी खुशाल करा, पण चौदा तारीख कोरडी जाऊ देऊ नका. कामावर निघण्यापूर्वी पाच मिनिटे वंदना होऊ शकते. परदेशात जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे आहे. हॉलमधील कार्यक्रमात मुले नाचतात, जेवतात आणि घरी येतात. पण शाळेच्या दिवशी आई सकाळी दिवा लावते तेव्हा मूल विचारते, "आज काय आहे?" हा प्रश्न रविवारी कोणी विचारत नाही. उत्तर मराठीत द्यावे की इंग्रजीत, हा ज्याचा-त्याचा प्रश्न. पाली वंदना मात्र दोन्हीकडे तीच आहे.

भाचा आता वर्षाची रजा दिवाळीला घेत नाही, ऑक्टोबरच्या १५-१६ ला घेतो. एप्रिलमध्ये तो तेथेच असतो. आपली मिरवणूक सायंकाळी सातला चौकात येते तेव्हा त्याच्या घड्याळात साडेपाच वाजलेले असतात. मी मोबाइल उंच धरतो. गेल्या वेळी त्याच्या बाजूला त्याच खोलीतील श्रीलंकेचा एक मुलगा उभा होता. वेसाकला तो कागदाचा कंदील करतो, भाचा त्याला काड्या कापून देतो. ढोलाच्या आवाजात मला नीट ऐकू आले नाही, पण दोघांनी हात जोडलेले दिसले.